दवाखाना आणि वाचनालय यांच्या मधली वाट : तरुणांचे मानसिक स्वास्थ्य आणि ‘सामाजिक चिठ्ठी’

१. प्रास्ताविक



रत्नागिरी शहरात दोन जुन्या संस्था आहेत. एक, १८२८ साली स्थापन झालेले नगर वाचनालय. दुसरी, १८८६ पासूनचे मनोरुग्णालय. वाचनालयाच्या पायऱ्या चढताना कोणालाही संकोच वाटत नाही. मनोरुग्णालयाच्या फाटकाशी मात्र पावले अडखळतात. मनाने खचत चाललेल्या अनेक तरुणांना रुग्णालयात दाखल होण्याची गरज नसते. परंतु उठून वाचनालयापर्यंत जाण्याचे बळही त्यांच्यापाशी उरलेले नसते. या दोहोंच्या मधल्या वाटेवर त्यांना कोण भेटते? या प्रश्नाला ‘सोशल प्रिस्क्रायबिंग’ या संकल्पनेने दिलेले उत्तर आपण या घटकात समजून घेणार आहोत.

२. संकल्पना

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सामान्यतः औषधाचे नाव असते. परंतु झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे, सतत उदास वाटणे यांच्या मुळाशी कधी एकटेपणा असतो, कधी बेकारी, कधी कर्ज, तर कधी घरातील तंटा. अशा कारणांवर केवळ गोळी पुरी पडत नाही. म्हणून डॉक्टर, परिचारिका किंवा शिक्षक त्या व्यक्तीला समाजातील एखाद्या आधाराशी जोडून देतात. तो आधार म्हणजे गायनाचा वर्ग, खेळाचा संघ, बागकाम, वाचकगट, कर्जविषयक सल्ला किंवा शासकीय योजनेचे साहाय्य असू शकतो. यालाच आपण या घटकापुरते ‘सामाजिक चिठ्ठी’ असे म्हणू.

या विचाराचा एक प्रारंभ लंडनच्या पूर्व भागात १९८४ साली सुरू झालेल्या ब्रॉमली बाय बो केंद्रात आढळतो. पुढे २०१९ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने आपल्या दीर्घकालीन आराखड्यात या पद्धतीला स्थान दिले आणि त्यासाठी ‘जोडणी कार्यकर्ते’ नेमण्याचे ठरवले. हा कार्यकर्ता औषध देत नाही. तो वेळ देतो, ऐकतो आणि सोबत जातो. ‘तुला काय झाले आहे?’ एवढ्यावर न थांबता ‘तुला कशात जीव रमतो?’ हेही तो विचारतो. प्रश्न बदलला की उत्तर देणारा नुसता रुग्ण राहत नाही. त्याच्या आवडीनिवडी, कौशल्ये आणि नाती पुन्हा विचारात येतात.

३. एक कल्पित उदाहरण

समजा, रत्नागिरी तालुक्यातील एका वाडीत एक तरुण आजी-आजोबांजवळ राहतो. वडील मुंबईला चाकरमानी. बारावीनंतर त्याचे शिक्षण थांबले. तो रात्र मोबाईलवर काढतो, दुपारी उठतो आणि कोणाशी बोलत नाही. आजी त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेते. तपासणीत शारीरिक आजार आढळत नाही.

‘मन रमव, लोकांत मिसळ’ एवढा उपदेश करून त्याला घरी पाठवले, तर काही घडणार नाही. कारण लोकांत मिसळता येत नाही, हेच तर त्याचे दुखणे आहे. जोडणी कार्यकर्ता असेल तर तो त्याच्याशी दोन-तीनदा बोलेल. लहानपणी तो नमनात मृदंग वाजवत असे, हे त्याला कळेल. मग तो मंडळातील जाणत्या माणसाशी आधी बोलून ठेवेल, पहिल्या तालमीला मुलासोबत स्वतः जाईल आणि आठवड्याने पुन्हा विचारपूस करेल. शिक्षणाची खंत असेल तर मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचा रस्ताही दाखवेल.

येथे उपयोगी पडला तो केवळ मृदंग नव्हे. मृदंग गावात पूर्वीही होता. त्याच्यापर्यंत हात धरून नेणारे माणूस नव्हते. या संकल्पनेचे सार हेच आहे.

४. महाराष्ट्रातील जवळचा प्रयोग

याच नावाने नसला, तरी याच जातकुळीचा एक प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे. पुण्यातील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम राबवला. गावातीलच स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले. काहींनी त्रस्त व्यक्ती ओळखावी. अधिक प्रशिक्षितांनी तिच्याशी काही बैठकांतून बोलावे, अडचण सोडवण्यास मदत करावी, शासकीय योजनांचा लाभ मिळवून द्यावा आणि आजार तीव्र असेल तर सार्वजनिक आरोग्यसेवेकडे पाठवावे, अशी ही रचना होती. हा उपक्रम केवळ तरुणांसाठी नव्हता. तथापि परक्या तज्ज्ञापेक्षा गावातल्या माणसापाशी मन लवकर मोकळे होते आणि मनाचे दुःख रेशन, पेन्शन, रोजगार यांपासून वेगळे काढता येत नाही, या दोन गोष्टी त्याच्या रचनेतच गृहीत होत्या.

५. उपलब्ध साधने आणि मर्यादा

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. त्याखालील किशोरवयीनांची आरोग्य केंद्रे महाराष्ट्रात ‘मैत्री’ या नावाने ओळखली जातात. कोकणात भजनी मंडळे, नमन-जाखडीचे संच, कबड्डीचे संघ, ग्रंथालये आणि महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना आहे. साधनांचा दुष्काळ नाही; उणीव आहे ती आरोग्यसेवा आणि ही साधने यांना जोडणाऱ्या माणसाची.

तरीही तीन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिली, सामाजिक चिठ्ठी ही उपचाराला जोड आहे, पर्याय नव्हे. तीव्र नैराश्य, भास किंवा आत्महत्येचे विचार असल्यास विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठी चोवीस तास उपलब्ध आहे. दुसरी, तरुणांवरील परिणामांविषयीचे संशोधन अद्याप वाढते आहे. म्हणून अतिरेकी दावे करू नयेत. तिसरी, प्रत्येक मंडळ प्रत्येकाला सामावून घेतेच असे नाही. जात, लिंग, अपंगत्व यांमुळे जिथे दार अर्धेच उघडते, तिथे पाठवलेला तरुण अधिक दुखावून परततो. म्हणून पाठवण्यापूर्वी ती जागा पारखणे हेही कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते.

६. सारांश

सामाजिक चिठ्ठी व्यक्तीचे दुःख तिच्या परिस्थितीसह पाहते आणि तिला समाजातील आधाराशी जोडते. तिचे यश उपक्रमाच्या नावापेक्षा ऐकणाऱ्या, सोबत जाणाऱ्या आणि पुन्हा विचारपूस करणाऱ्या माणसावर अवलंबून असते. तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, संसार सांभाळून शिकत आहेत. कोणाच्या तरी सोबतीने उचललेल्या पहिल्या पावलाचे मोल तुम्हांला वेगळे सांगावयास नको.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘लोकांत मिसळ’ हा उपदेश आणि सामाजिक चिठ्ठी यांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘आत्मीयता’ उपक्रमाची रचना थोडक्यात लिहा.
३. तुमच्या गावातील अशा पाच जागांची यादी करा. तेथे नवख्या तरुणाचे स्वागत कोण करील, हे प्रत्येक जागेपुढे नोंदवा. ज्या जागेपुढे काहीच लिहिता येत नाही, तिच्याविषयी दहा ओळी लिहा.