एका कानाला एकाएकी येणारे बहिरेपण

बंगळूरसारख्या गजबजलेल्या शहरात रस्ता ओलांडणारा मनुष्य वाहनाचा कर्णा ऐकतो आणि न पाहताच ओळखतो की, वाहन उजवीकडून येत आहे. हे ज्ञान त्याला दोन कानांमुळे होते. उजवीकडचा ध्वनी डाव्या कानास सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अवधीने उशिरा पोहोचतो आणि मस्तक आड आल्यामुळे काहीसा क्षीणही होतो. एवढ्या सूक्ष्म फरकावरून मेंदू दिशा ठरवितो. एक कान गेला, तर ध्वनी ऐकू येतो. तो कोठून आला, हे मात्र सहज कळत नाही.

असा एक कान कधी कधी रात्रीतून निकामी होतो. मनुष्य सकाळी दूरध्वनी कानाला लावतो आणि पलीकडे कोणी बोलतच नाही असे त्यास वाटते. कानाला दडे बसतात, आत गुणगुण सुरू होते, क्वचित भोवळ येते. वेदना बहुधा नसते. म्हणूनच ‘मळ साचला असेल’ असे म्हणून तो कानात तेल घालतो आणि वाट पाहतो. येथेच घात होतो.

बहिरेपण मुख्यतः दोन प्रकारचे असते. मळाने किंवा मध्यकर्णात साचलेल्या द्रवाने ध्वनीची वाट अडते, हा पहिला प्रकार. दुसऱ्यात आंतरकर्णाला किंवा तेथून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा होते. आंतरकर्णातील शंखाकृती नलिकेत सुमारे १५ हजार रोमपेशी असतात. त्यांना रक्त पुरविणारी धमनी अत्यंत बारीक असून तिला पर्यायी मार्ग नसतो. मृत रोमपेशी मनुष्यात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. विषाणुसंसर्ग किंवा रक्तपुरवठ्यातील खंड यांचा संशय घेतला जातो. पण बहुतेक रुग्णांत निश्चित कारण सापडत नाही. पार्श्वगायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये, विषाणुसंसर्गामुळे आपणास असा श्रवणदोष एकाएकी जडल्याचे जाहीर केले होते.

दोन्ही प्रकारांतील भेद पाहण्याची एक साधी युक्ती आहे. ओठ मिटून गुणगुणावे. तो नाद दडे बसलेल्या कानात मोठा वाटला, तर वाटेत अडथळा असण्याचा संभव. चांगल्या कानात मोठा वाटला, तर आंतरकर्णाविषयी शंका घ्यावी. वैद्य कपाळावर नादकाटा टेकवून हेच तत्त्व वापरतात. तथापि ही केवळ खूण होय. खरा निर्णय श्रवणमापनानेच होतो. ७२ तासांच्या आत, लागोपाठच्या तीन कंप्रतांना श्रवण ३० डेसिबेल किंवा अधिक घटले, तर या विकाराचे निदान करतात.

उपचार म्हणून स्टेरॉइड औषधे पोटातून किंवा कर्णपटलातून टोचून देतात. पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या उपयोगाची आशा अधिक असते. पुढे ती मावळत जाते. श्रवणतंत्रिकेवर गाठ नाही ना, हेही तपासावे लागते. काही रुग्णांचे श्रवण औषधावाचूनही अंशतः परतते, हे खरे. परंतु कोणाचे परतेल, हे आधी सांगता येत नाही. वाट पाहण्याचा मोह टाळावा तो यासाठीच.

बंगळूरपासून जवळच म्हैसूर येथे १९६५ साली श्रवण व वाणी यांच्या अभ्यासासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. परंतु पहिले पाऊल टाकण्यास मोठी संस्था लागत नाही. कान एकाएकी मुका झाला, तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कानाच्या वैद्याकडे जावे. एवढे स्मरण पुरेसे आहे.