पाहुणी बाटली

गेल्या दिवाळीत बहिणीचा मुलगा जर्मनीहून आला. पाया पडला आणि बॅगेतून एक जाड हिरवी बाटली काढून माझ्यापुढं ठेवली. "मावशी, तुझ्यासाठी. 'झेक्ट' आहे. तिकडची फसफसणारी पांढरी वाइन."

माझा चेहराच उतरला. मैत्रिणींनो, परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीत बचत गटाच्या बायकांना 'आडवी बाटली'चं मतदान म्हणजे काय ते समजावत फिरणारी मी, आणि माझ्याच ओट्यावर ही बाटली उभी!

"पिऊ नको गं. पण समजून तर घे," तो हसत म्हणाला. मग मी भजी तळता तळता ऐकत गेले.

द्राक्षाच्या रसाची आधी साधी वाइन करतात. मग तिच्यात साखर आणि यीस्ट घालून बंद टाकीत किंवा बाटलीतच ती पुन्हा आंबवतात. आत तयार झालेला वायू बाहेर जाऊ देत नाहीत. तो वाइनमध्येच मुरतो, म्हणून बूच उडतं. चांगल्या झेक्टला बरेचदा रीसलिंग नावाची आंबटसर द्राक्षं वापरतात. लेबलवर 'ब्रूट' असेल तर साखर कमी. 'ट्रोकन'चा अर्थ 'कोरडी', पण झेक्टमध्ये ती चक्क गोडसर निघते! १९०२ मध्ये कैसरच्या राज्यात आरमाराच्या खर्चासाठी झेक्टवर कर बसला. कैसर गेला, आरमार बुडालं, कर मात्र अजून आहे!

"आणि सोबत खातात काय?" माझ्यातली गृहिणी जागी झाली.

"थंडगार करून मासे, चीज, खारट आणि तळलेलं यांच्याबरोबर घेतात. आंबटपणानं आणि बुडबुड्यांनी तोंडातला तेलकटपणा जातो."

म्हणजे आपली कोथिंबीर वडी, साबुदाणा वडा, तळलेलं पापलेट शोभेल. ठेचा आणि काळ्या मसाल्याचा रस्सा मात्र नको, बुडबुड्यांनी तिखटाची आग आणखी भडकते. थोडंसंच तिखट असेल तर गोडसर 'ट्रोकन' बरी.

तो सांगत होता, वाढदिवसाला, नवीन वर्षाला सगळे टेबलाशी बसतात, बायकाही, आणि जेवताना एकेक ग्लास घेतात. मला मात्र गटातली एक बाई आठवत होती. तिच्या नवऱ्याची मजुरी घरी पोचायच्या आधीच संपते. तिच्या घरी बाटलीबरोबर काय शोभतं, हा प्रश्नच नसतो. बाटली घरातलं काय काय खाते, हा असतो.

जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला. द्राक्ष बागायतदारांचं भलं होईल, असं सांगितलं गेलं. विरोध झाला आणि तो मागे पडला. तेव्हा गटात एकीनं विचारलं होतं, "ताई, वाइन म्हंजी दारू न्हाई का?" मी नीट उत्तर देऊ शकले नव्हते. आता बाटलीवरचा आकडा स्वतः वाचला. अल्कोहोल साडेअकरा टक्के. नेहमीच्या बिअरपेक्षा दुपटीहून जास्त! अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये सांगितलंय. मग ग्लास कितीही नाजूक असो. पुढच्या बैठकीत मी त्या बाईला सरळ सांगितलं, "होय बाई, दारूच आहे ती."

बाटली न उघडताच भाच्यासोबत परत गेली. भज्यांबरोबर आम्ही जालन्याच्या मोसंबीचा रस घेतला. तोही आंबट-गोड, तेलकटपणा घालवणारा!

जाताना मी त्याला म्हटलं, "अरे, जर्मनीची भेट आपल्या जिल्ह्याला आधीच मिळालीय. कडवंचीला बघून ये. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात तिथं पाणी अडवलं, पुढं शेततळी झाली आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. ती द्राक्षं मात्र लेकरंसुद्धा खातात!"