भावगीताची मात्रा

ग्वाल्हेर हे ख्यालाचे माहेरघर. कृष्णराव शंकर पंडितांचे (१८९३–१९८९) गायन समोर बसून ऐकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या लेखी भावगीत म्हणजे 'हलके' गाणे. मीही पुष्कळ वर्षे तसेच मानीत असे. मत पालटले ते साठच्या दशकातील 'शुक्रतारा मंद वारा' या गीतामुळे. शब्द मंगेश पाडगावकरांचे, चाल श्रीनिवास खळे यांची. गायिका सुधा मल्होत्रा आणि गायक आपल्या इंदूरचे अरुण दाते. दात्यांवर कुमार गंधर्वांचे संस्कार होते. तथापि या गीतात तयारी दाखविण्याचा मोह कोठेही दिसत नाही.

राग उलगडावयास ख्यालगायकाला तासभर मिळतो. खळ्यांपाशी असत मोजकी मिनिटे, आणि काव्याचा अर्थ तर दुखावता कामा नये. (बालकाची मात्रा थेंबांत असते म्हणून ती ठरविणे सोपे नसते, हे आपणां वैद्यकांस काय सांगावे!) पुढे १९८५ साली 'राम श्याम गुणगान'साठी भीमसेन जोशी आणि लता मंगेशकर यांनी खळ्यांच्याच चाली गायिल्या, त्या उगाच नव्हे.

शंका असेल त्याने 'शुक्रतारा' तंबोऱ्यावर म्हणून पाहावे. मी दुसऱ्या अंतऱ्यातच थांबलो.