हे सगळं दहावीनंतर...

गेल्या फेब्रुवारीत वाई तालुक्यातल्या एका शाळेचं निमंत्रण आलं. दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ होता आणि प्रमुख पाहुणा म्हणून मी यावं, अशी मुख्याध्यापिकाबाईंची इच्छा होती. त्या भागातल्या बँकेच्या शाखेत मी कधीकाळी मॅनेजर होतो आणि पुढे चार कादंबऱ्या लिहिल्या. म्हणजे एकाच हारात अर्थ आणि साहित्य अशा दोन पाहुण्यांची सोय होत होती. मी होकार दिला, पण एक अट घातली. समारंभाच्या आदल्या दिवशी वर्गातल्या प्रत्येक मुलाने एका चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून द्यायच्या. छंद कोणता, शाळेतलं सर्वांत जास्त काय आवडलं आणि पुढे काय व्हायचंय. नाव लिहायचं नाही.

नाव न लिहिण्याचा आग्रह मी अनुभवाने धरला. नाव असलं की माणूस खरं लिहीत नाही. बँकेत नोकरीसाठी येणाऱ्या अर्जांवर छंदाच्या रकान्यात 'वाचन' आणि 'संगीत ऐकणे' याखेरीज तिसरं काही मी क्वचितच पाहिलं. 'अलीकडे कोणतं पुस्तक वाचलंत?' असं विचारलं की समोरचा उमेदवार पंख्याकडे बघू लागे. मी स्वतः बढतीच्या मुलाखतीत 'कथालेखन' असं खरं सांगितलं, तेव्हा पलीकडचे साहेब म्हणाले, "बँकेच्या वेळात नाही ना करत?" तेव्हापासून पुढच्या प्रत्येक अर्जात मीही 'वाचन' लिहू लागलो.

तर चिठ्ठ्या आल्या. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत चहा घेता घेता मी त्या उलगडल्या. बाहेर नववीच्या मुली रांगोळीत रंग भरत होत्या. आईच्या साड्या नेसून आलेल्या दहावीच्या मुली निऱ्या सावरत जिना चढत होत्या. शाळेला भेट म्हणून द्यायचं भिंतीवरचं घड्याळ टेबलावर रंगीत कागदात बांधून ठेवलं होतं. निरोप समारंभ म्हटला की घड्याळ आलंच. आमच्या वेळीही घड्याळच होतं.

शाळेतलं काय आवडलं, या प्रश्नाला एकानेही कुठला धडा किंवा कविता लिहिली नव्हती. गणपतीपुळ्याची सहल होती, स्नेहसंमेलनातला नाच होता, स्काऊटच्या शिबिरात जळालेली भाकरी होती, विज्ञान प्रदर्शनात ऐन पाहुण्यांसमोर बंद पडलेलं पवनचक्कीचं मॉडेल होतं. एकाने 'आठवीपर्यंत मिळणारी खिचडी' असं लिहून पोषण आहाराच्या नियमाविषयीची नाराजीही नोंदवली होती. शिक्षकांनी वाईट वाटून घेऊ नये. मलाही माझ्या दहावीतलं बीजगणित आठवत नाही, पण गॅदरिंगच्या नाटकात पडदा अडकला तेव्हा काय गोंधळ उडाला, ते क्रमवार सांगता येईल.

छंद आणि महत्त्वाकांक्षा मात्र मी पुन्हा पुन्हा वाचल्या. एका मुलीने लिहिलं होतं, 'कबड्डी. मला पोलीस व्हायचंय. उंची दोन सेंटिमीटर कमी पडतेय.' पोलीस भरतीत मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते, हे तिने केव्हाच विचारून ठेवलेलं दिसत होतं. एकाचा छंद होता, बंद पडलेले मोबाइल उघडणं. खाली लिहिलं होतं, 'दुरुस्तीचं दुकान टाकायचंय. घरी सांगू नये.' एकाला बैलांची निगा राखायला आवडत होती. शर्यतींवरची २०१४ ची बंदी, नंतरची कायदादुरुस्ती आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यावर केलेलं शिक्कामोर्तब, हे नागरिकशास्त्र त्याला पुस्तकाशिवाय पाठ असणार. एका मुलीला इंटरमिजिएटच्या परीक्षेत ए ग्रेड मिळाली होती. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन ही सगळी वाट चालून आलेली ही मुलगी. तिने लिहिलं होतं, 'डॉक्टर व्हायचंय, कारण पप्पांनी ठरवलंय.' एकाने सरळ लिहिलं होतं, 'छंद नाही. काय व्हायचं ते माहीत नाही.' पंधराव्या वर्षी असं लिहायला धाडस लागतं. मी ती चिठ्ठी बाजूला काढून ठेवली.

मग एक चिठ्ठी आली. अक्षर वळणदार होतं. 'तबला वाजवत होतो. आता दहावी आहे.'

चहा निवला तरी मी ती चिठ्ठी हातात धरून बसलो होतो.

माझा मुलगा तिसरीपासून तबला शिकत होता. सातारच्या एका पेठेत त्याचे गुरुजी राहत. आठवड्यातून तीन संध्याकाळी हा सायकलवर जायचा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशा पायऱ्या चढत नववीत तो मध्यमा प्रथम झाला. २००४ च्या जूनमध्ये तो दहावीत गेला. पहिल्याच रविवारी मी शिडी लावली आणि तबला-डग्गा गवसणीत घालून माळ्यावर ठेवला. रागावून नव्हे, अगदी समजुतीने. म्हटलं, "हे सगळं दहावीनंतर. दहाच महिन्यांचा तर प्रश्न आहे." त्यानेच खालून एकेक वस्तू माझ्या हातात दिली. गुरुजींना मी फोन करून कळवलं. ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे साहेब. हात सुटू देऊ नका म्हणजे झालं."

दहावीनंतर अकरावीचा क्लास सुरू झाला, मग बारावी, मग प्रवेश परीक्षा, इंजिनिअरिंग आणि नोकरी. दहा महिने कधी संपले, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. २०१९ साली आम्ही घर बदललं, तेव्हा माळा रिकामा करताना गवसणी खाली आली. उंदराने तबल्याची पुडी कुरतडली होती, वाद्या सैल पडल्या होत्या, डग्ग्यावरची शाई तडकून तिचे पोपडे निघाले होते. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, देऊन टाका ना कुणाला तरी." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

इथे आईबापांची बाजू मांडायला हवी, कारण मी त्याच बाजूचा आहे. ही भीती काही उगाच जन्मलेली नाही. नव्या आकृतिबंधातल्या दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली. मी १९७६ चा. वडील एसटीत कंडक्टर, घरात खाणारी सात तोंडं आणि पगार एक. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, खेड्यापाड्यांत शाखा निघाल्या आणि आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना खुर्ची मिळाली. त्या खुर्चीपर्यंत गुणपत्रिकेनेच नेलं. ज्याला गुणांनी तारलं, तो माणूस आपल्या पोराला 'गुणांचं काय एवढं!' असं कोणत्या तोंडाने सांगणार? आजही अकरावीचा प्रवेश गुणांवरच ठरतो. २०२५ पासून तर ती ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर लागू झाली. तेव्हा दहावीचं वर्ष महत्त्वाचं नाही, असं सांगणाऱ्या व्याख्यात्यांत मी नाही.

पण माझ्या स्वतःच्या दहावीत काय घडलं, ते मी सोयीस्करपणे विसरलो होतो. आमच्या शाळेत दरवर्षी हस्तलिखित निघे. त्या वर्षी मराठीच्या सरांनी संपादनाचं काम माझ्यावर टाकलं. आमच्या दादांना, म्हणजे वडिलांना, ते कळताच ते ड्यूटीवरून तसेच खाकी गणवेशात शाळेत आले आणि म्हणाले, "सर, पोराचं दहावीचं वर्ष आहे. दुसऱ्या कुणाला तरी द्या." सर म्हणाले, "दादा, रोज अर्धा तास मागतोय मी. बाकीचे साडेतेवीस तास तुमचे. आणि हा अर्धा तास नाही दिला, तर तो साडेतेवीस तास त्याचाच विचार करत बसेल." दादांना तो हिशेब पटला; तिकिटांचे पैसे मोजणाऱ्याला हिशेबाचीच भाषा कळते. मी ते हस्तलिखित पूर्ण केलं. त्यात माझी पहिली कथा होती. पुढे जे काही बरंवाईट लिहिलं, त्याचं मूळ त्या अर्ध्या तासात आहे.

माझ्यासाठी एक माणूस मध्ये पडला होता. माझ्या मुलाच्या वेळी मध्ये पडायला कुणी नव्हतं, कारण ते काम माझं होतं आणि मी शिडीवर उभा होतो.

छंद जपा म्हटलं की लगेच मोठी उदाहरणं दिली जातात. १९८८ साली आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या शाळकरी पोरांनी ६६४ धावांची भागीदारी केली, हे आम्ही वर्षानुवर्षं भाषणांतून ऐकत आलो. पण त्या उदाहरणाने पालक अधिकच घाबरतात. आपला मुलगा सचिन होणार नाही हे त्यांना ठाऊक असतं, आणि सचिन होणार नसेल तर बॅट कशाला, असं उत्तर ते काढतात. मला त्यापेक्षा जयंत नारळीकरांच्या लहानपणची गोष्ट जवळची वाटते. बनारसच्या त्यांच्या घरात भिंतीवर फळा होता. मोरूमामा त्यावर गणितातलं एखादं कोडं लिहून ठेवत आणि ते सुटेपर्यंत पुसलं जात नसे. शाळेचा अभ्यास वेगळा, हे वेगळं. त्याला ना गुण होते, ना बक्षीस. घरातल्या एका भिंतीवर एवढी जागा मोकळी ठेवली होती, इतकंच.

ही जागा शाळांमधूनही आक्रसत चालली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तिथे कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावेत, असं सांगितलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तर अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंतच नको, असं म्हटलं. कागदावर उत्तम आहे. या शाळेत संगीताची पेटी कपाटात होती आणि कपाटाची किल्ली 'सरांची बदली झाली तेव्हापासून' सापडत नव्हती. खेळ आणि चित्रकलेला दहावीत वाढीव गुण मिळतात हे खरं. त्यामुळे काही घरांत रंगपेटी वाचते, हेही खरं. पण गुणांसाठी जपलेला छंद गुण मिळाले की संपतो. ज्याला गुण नाहीत, त्या मोबाइल उघडणाऱ्या पोराचं काय?

मी बँकेतला माणूस, म्हणून मला एक साधी गोष्ट सुचते. बचत खात्यावर दोन वर्षं काहीच व्यवहार झाला नाही, तर ते खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. २०१४ पासून तशी योजनाच आहे. आम्ही म्हाताऱ्या खातेदारांना सांगायचो, 'आजी, जास्त नको, वर्षातून शंभर रुपये भरा, काढा. खातं जागं राहील.' छंदाचंही तेच आहे. दहावीच्या वर्षात कुणी मैफल गाजवावी, असं नाही. रोज अर्धा तास धरला तर जून ते मार्च जेमतेम दीडशे तास होतात. तेवढ्याने गुणपत्रिका बुडत नाही, आणि खातं जागं राहतं. फरक इतकाच की बँकेतली रक्कम दहा वर्षांनीही अर्ज केला की व्याजासह परत मिळू शकते. हातातून गेलेल्या गोष्टीसाठी असा अर्जाचा नमुना नाही.

त्या दिवशी मी लिहून नेलेलं 'जिद्द आणि चिकाटी' हे भाषण खिशातच ठेवलं. मुलांना माळ्यावरच्या तबल्याची गोष्ट सांगितली. मागच्या रांगांत बसलेल्या पालकांकडे बघून सांगितली, म्हटलं तरी चालेल. छंद नाही असं लिहिणाऱ्याला सांगितलं की, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आयुष्य लांब आहे. दुकान टाकणाऱ्याविषयी मी घरी काही बोललो नाही. तबलावाल्याला मी शोधलं नाही. त्याने नाव लिहिलं नव्हतं, ते मी पाळायला हवं होतं.

तो तबला मी कुणाला दिला नाही. सातारच्या एका कारागिराकडून पुडी बदलून घेतली. खोड चांगलं आहे, म्हणाला. आता तो हॉलमध्येच असतो. दिवाळीत मुलगा आला, तेव्हा त्याची पाच वर्षांची लेक त्यावर थापा मारत बसली होती. तिला दाखवायला म्हणून तो मांडी घालून बसला. तोंडाने त्रितालाचे बोल अस्खलित म्हणाला, सोळा मात्रांत एकही चूक नाही. मग हात ठेवले. दोन आवर्तनं झाली आणि बोटं अडखळली. तो हसला, म्हणाला, "सुटला हात." आणि लेकीला म्हणाला, "तू वाजव."

गुरुजींचे शब्द होते ते. त्याला माहीत नव्हतं.

येत्या जूनमध्ये पुष्कळ घरांत दहावी येईल. टीव्हीची केबल निघेल, मोबाइल कपाटात जाईल, पाहुण्यांना 'सध्या नको' असं कळवलं जाईल. ते सगळं करा. फक्त माळ्याची शिडी तेवढी घरातल्या कुणीतरी एका वर्षासाठी लपवून ठेवावी.