नाताळची भेट आणि ख्रिस्ती आशा

डिसेंबर निम्मा सरला की लोणावळ्याच्या बाजारात कागदी चांदण्या दिसू लागतात, चिक्कीची खोकी बांधली जातात. यंदा आपल्याला काय मिळणार, ही मुलांची आशा. ख्रिस्ती धर्मातली आशा मात्र ही नव्हे.

मराठीत या शब्दाची जरा पंचाईतच आहे. 'आशा सुटेना आणि देव भेटेना' असे आपण म्हणतो. संतांनी तर आशेला बेडीच मानले. उलट संत पौलाने तिला विश्वास आणि प्रीती यांच्या पंक्तीला बसवले. मग हा विरोध समजायचा का? मला तसे वाटत नाही. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहूला जाते. तिथल्या तुकोबांनी हव्यासाची आशा टाकली, पण विठ्ठलभेटीची आस काही सोडली नाही. ख्रिस्ती आशा या आसेच्या जवळची. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे सांगत, ते उगीच नव्हे.

नाताळापूर्वीचे चार रविवार आगमनकालाचे. येणारा एकदा येऊन गेला आहे, म्हणूनच तो पुन्हा येईल हा भरवसा. देणे आधी मिळाले, वाट पाहणे मागाहून. पूर्वेच्या ज्ञानी लोकांनी सोने, ऊद आणि गंधरस वाहिले. ते तान्हे मूल परतफेड काय करणार होते?

अशी आशा दुःखाच्या घरीही राहू शकते. १९१९ साली टिळक गेले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.