खोकी, कॉर्टिसॉल आणि परतीचा बेत

एक प्रश्न विचारतो, खरं उत्तर द्या. तुमच्या टीव्हीचं रिकामं खोकं अजून घरात आहे का? आतल्या थर्मोकोलसकट?

आमच्याकडे होतं. लीड्समधल्या आमच्या घरात दोन बऱ्यापैकी बेडरूम आणि एक अगदी चिमुकली खोली आहे. असल्या खोलीला इंग्लंडमध्ये 'बॉक्स रूम' म्हणतात आणि आम्ही ते नाव फारच मनावर घेतलं होतं. टीव्हीचं खोकं, मिक्सरचं खोकं, मायक्रोवेव्हचं खोकं (तो मायक्रोवेव्ह बिघडून तीन वर्षं झाली), सात सुटकेसी, माझ्या पीएचडीच्या काळातल्या वह्या, आईनं दर खेपेला बांधून दिलेले स्टीलचे डबे आणि दोन पुरणयंत्रं. आमच्या घरी पुरण वर्षातून एकदा शिजतं.

मार्चमध्ये आईचं तिकीट निघालं. सहा महिने राहायला येणार आणि राहणार त्याच खोलीत. हातात पाच आठवडे होते. बायको म्हणाली, "मी चार वर्षं सांगतेय." मी नेहमीचं उत्तर दिलं, "दार लावलं की दिसत नाही. मला तरी काही त्रास होत नाही."

हे वाक्य अंगाशी आलं. मी जीवरसायनशास्त्रात संशोधन करतो आणि पसारा व संप्रेरकं यांच्या संबंधावरचा एक शोधनिबंध मी पूर्वीच वाचलेला होता. फक्त स्वतःच्या घराशी तो कधी ताडून पाहिला नव्हता.

त्रास नक्की कोणाला होतो?

२००१ ते २००५ या काळात लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या ३२ मध्यमवर्गीय कुटुंबांचा त्यांच्या घरी जाऊन अभ्यास केला. आई-वडील दोघंही नोकरी करणारे, घरात मुलं. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखीच घरं. त्यांनी अक्षरशः वस्तू मोजल्या. पहिल्याच घरात दोन बेडरूम आणि दिवाणखाना मिळून २,२६० वस्तू निघाल्या, त्याही फक्त नजरेला दिसणाऱ्या. कपाटात आणि खणात काय होतं ते धरलंच नव्हतं. चारपैकी तीन कुटुंबांच्या गॅरेजमध्ये गाडी नव्हती, सामान होतं.

याच प्रकल्पातून डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांचा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांनी ३० जोडप्यांमधल्या प्रत्येकाला, नवऱ्याला वेगळं आणि बायकोला वेगळं, हातात व्हिडिओ कॅमेरा देऊन सांगितलं: तुमचं घर आम्हाला फिरून दाखवा. मग त्यांच्या बोलण्यातले शब्द तपासले. पसारा, अस्ताव्यस्त, अर्धवट राहिलेलं काम असे शब्द किती आले? आणि शांत, निवांत, बाग असे किती? सोबत काही दिवस या सगळ्यांची लाळ दिवसातून अनेक वेळा घेऊन त्यातलं कॉर्टिसॉल मोजलं.

कॉर्टिसॉलला 'ताणाचं संप्रेरक' म्हणतात, पण ते काही खलनायक नाही. सकाळी उठल्यावर साधारण अर्ध्या तासात ते सर्वांत वर जातं, आपल्याला कामाला लावतं आणि मग दिवसभर उतरत रात्री तळाला जातं. निरोगी माणसाचा आलेख असा घसरगुंडीसारखा असतो. सततच्या ताणात ही घसरगुंडी सपाट होत जाते आणि असा सपाट आलेख तब्येतीच्या बऱ्याच तक्रारींशी जोडला गेला आहे.

ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट कामं जास्त होती, त्यांचा आलेख जास्त सपाट होता आणि दिवस पुढे सरकेल तसा त्यांचा मूडही खालावत होता. ज्यांना घर निवांत वाटत होतं त्यांचा उतार चांगला होता. संसारातलं समाधान आणि मुळातला काळजीखोर स्वभाव यांचा हिशोब करूनही हा फरक टिकला. नवऱ्यांमध्ये मात्र असं ठळक चित्र दिसलं नाही.

आता हे वाचून घरातली सगळी वरात कचराकुंडीकडे काढण्याआधी थोडं सबुरीनं घ्या. ३० जोडपी म्हणजे छोटा अभ्यास, तोही एकाच शहरातला. शिवाय पसाऱ्यामुळे ताण येतो, की ताणलेल्या माणसाला आवरायला त्राण उरत नाही, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. पण "मला तरी काही त्रास होत नाही" हे वाक्य किती पोकळ आहे, ते मात्र माझ्या लक्षात आलं. एकाच घरात राहणारी दोन माणसं एकाच पसाऱ्याकडे सारखं पाहत नाहीत. ज्याच्या डोक्यात 'हे आपल्याला आवरायचंय' अशी नोंद असते, त्यालाच तो पसारा दिसतो. आमच्या घरी ती नोंद चार वर्षं बायकोच्या खात्यावर होती.

दार लावून काय साधतं?

माझ्या बाजूनं एक मुद्दा मांडतो. डोळ्यांसमोर एकाच वेळी अनेक गोष्टी असल्या, की मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात त्यांची एकमेकींशी स्पर्धा लागते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या स्टेफनी मॅकमेन्स आणि सबिन कास्टनर यांनी २०११ मध्ये मेंदूचं चित्रण करून ही स्पर्धा तपासली. हव्या त्या गोष्टीवर लक्ष ठेवायचं तर बाकीच्यांना मागे सारावं लागतं आणि ते काम फुकट होत नाही. तेव्हा कामाच्या टेबलावरचा ढीग नजरेआड केला तर फायदा होतो. दार लावण्यात तेवढं तथ्य आहे.

पण बंद दाराआडच्या खोलीत फक्त वस्तू नसतात. प्रत्येक खोक्यात एकेक लांबणीवर टाकलेला निर्णय असतो: ठेवायचं की द्यायचं, दुरुस्त करायचं की सोडून द्यायचं. हे प्रश्न दार लावून सुटत नाहीत.

टाकवत का नाही?

१९९० साली डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक मग दिला आणि उरलेल्यांना तो विकत घेण्याची संधी दिली. विकणाऱ्यांनी मागितलेली किंमत घेणारे देऊ करत होते त्याच्या साधारण दुप्पट होती. मग तोच. हातात येऊन काही मिनिटं झाली, एवढाच काय तो फरक. मग पंधरा वर्षं सांभाळलेल्या पुरणयंत्राचं काय सांगावं!

दुसरा अडथळा जास्त गमतीदार आहे. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांचा निबंध आला. लोकांना लेगोची एक डुगडुगणारी रचना भक्कम करायला सांगितली. बक्षीस एक डॉलर, पण नवीन लावलेल्या प्रत्येक तुकड्याचे दहा सेंट कापणार. सर्वांत सोपा उपाय होता आधीचा एक तुकडा काढून टाकणं. तो फक्त ४१ टक्के लोकांना सुचला. 'तुकडे काढायला पैसे पडत नाहीत' एवढी आठवण करून दिल्यावर ६१ टक्क्यांना. म्हणजे अडचण आली की आपल्याला आधी बेरीज सुचते, वजाबाकी कोणीतरी आठवण करून द्यावी लागते. घर अपुरं पडलं की आपण काय करतो? आणखी एक कपाट आणतो.

लहानपणी ही आठवण करून द्यायला दारावर माणसं यायची. रद्दीवाला यायचा, भंगारवाला हाक द्यायचा, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण यायची. दिवाळीच्या आधी माळा रिकामा व्हायचाच. इथे दारावर येतो तो फक्त कुरियर, आणि तो नेहमी काहीतरी देऊनच जातो. बाहेर काढायचं तर वेळ काढून, गाडीत भरून, आपणच चॅरिटी शॉपला नाहीतर कौन्सिलच्या केंद्रावर जायचं.

तिसरं कारण मला कुठल्या शोधनिबंधात नाही, आमच्या बॉक्स रूममध्ये सापडलं. टीव्हीचं खोकं उचलून मी म्हणालो, "हे राहू दे, परत जाताना लागेल." बायको शांतपणे म्हणाली, "आपण परत जातोय?"

आम्ही दोघं त्या खोक्याकडे बघत राहिलो. दोन वर्षांत परत जायचं, असं ठरवून आम्ही आलो त्याला अकरा वर्षं झाली. मधल्या काळात हा विषय आम्ही कधी नीट बोललोच नव्हतो. आमच्या वतीनं ते खोकं म्हणत होतं, की अजून काही ठरलेलं नाही. त्या रात्री आवराआवर झाली नाही. दीड वाजेपर्यंत आम्ही बोलत बसलो. उत्तर आजही मिळालेलं नाही. पण एक कळलं: तो प्रश्न सोडवण्यासाठी पुठ्ठ्याचं खोकं लागत नाही. परत जायचं ठरलंच, तर खोकी विकत मिळतात.

प्रयोगशाळेतला धडा

मग मी कामावरची पद्धत घरी आणली. आमच्या प्रयोगशाळेत उणे ८० अंश सेल्सिअसचा फ्रीझर आहे. सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांचे नमुने त्यात वर्षानुवर्षं पडून असतात, वर 'फेकू नये!' असं लिहिलेलं. दरवर्षी आम्ही यादी लावतो: हे कोणाचं, कधीचं, कशासाठी? महिन्याभरात तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत, तर नमुना जातो.

घरी हेच केलं. खोक्यांवर तारीख टाकली आणि हेच तीन प्रश्न विचारले. एक नियम पक्का ठेवला: दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय हलवायची नाही. माझ्या वह्यांचा निर्णय मीच घेतला, तिच्या कथ्थकच्या घुंगरांचा तिनं (घुंगरू राहिले).

आठवणींच्या वस्तूंसाठी एक युक्ती उपयोगी पडली. पेन स्टेट विद्यापीठाच्या वसतिगृहांत कॅरन विंटरिच आणि सहकाऱ्यांनी सामान दान करण्याची मोहीम घेतली. काही इमारतींत नुसतं आवाहन केलं, काहींत 'फोटो काढून ठेवा, मग द्या' असं सुचवलं. नुसत्या आवाहनाला ५३३ वस्तू आल्या, फोटो सुचवला तिथे ६१३. आपल्याला वस्तूपेक्षा आठवण हरवण्याची भीती जास्त असते. मी माझ्या वह्यांच्या मोजक्या पानांचे फोटो काढले आणि बाकीचा गठ्ठा पुनर्वापराला दिला.

एक गंभीर गोष्टही सांगायला हवी. काही माणसांना वस्तू टाकताना खरोखर असह्य यातना होतात, आणि घरात वावरणंही कठीण होऊन बसतं. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ पासून हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला आहे. तो आळस नव्हे. तुमच्या ओळखीत, विशेषतः वयस्कर मंडळींत कोणी असं असेल, तर त्यांच्या नकळत सामान फेकू नका, तज्ज्ञांची मदत घ्या.

आई आली

खोली वेळेत रिकामी झाली. आई आत आली, खिडकीशी उभी राहिली, म्हणाली, "उजेड छान आहे रे." मग पलंगावर बसत तिनं सहज सांगितलं, "साताऱ्याची तुझी खोलीही मी दिवाळीत आवरली. कॉलेजची पुस्तकं वाचनालयात दिली. तुला सांगायचं राहिलं."

मला क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझ्या डोक्यात ती खोली जशीच्या तशी होती. मग विचारलं, "आता तिथे काय आहे?" "माझं शिवणाचं मशीन. तिथेही उजेड छान आहे."

तिनं बॅग उघडली. वर तीन नवे स्टीलचे डबे होते. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुम्ही एवढं करा. येत्या शनिवारी अख्खं घर नको, एकच खोकं उघडा. कोणाचं, कधीचं, कशासाठी, एवढंच विचारा. आणि घरातल्या दुसऱ्या माणसालाही विचारा, की या पसाऱ्यातलं नेमकं काय त्याच्या डोक्यात बसलंय. काय निघालं ते आम्हाला जरूर कळवा. पुरणयंत्र हवं असेल तर तेही कळवा, एक जास्तीचं आहे.