पंगत आणि प्याला

पंक्तिभेद हा शब्द आपल्याला कोशात पाहावा लागत नाही. कोण कोणाच्या शेजारी बसतो, कोणाच्या हातचे पाणी चालते, कोणाला अंगणातच वाढतात, हे आपल्या आजोबा-पणज्यांच्या घरी न बोलता ठरलेले असे. म्हणून आज दक्षिण आफ्रिकेतील गोऱ्या-काळ्यांची आणि तेथील ख्रिस्ती धर्माची जी हकीगत सांगावयाची आहे, ती दूरची असली तरी तिचे मूळ ओळखायला आपल्याला वेळ लागणार नाही. ते मूळ एका पंगतीतच आहे.

ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजन नावाचा विधी असतो. येशूने मरणापूर्वी शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या जेवणाची ती आठवण. भाकर मोडून वाटतात, द्राक्षारसाचा प्याला फिरवतात. जुन्या रिवाजात एकच प्याला सर्वांच्या ओठांना लागे. ती भाकर म्हणजे ख्रिस्ताचे शरीर आणि ती खाणारे सर्व मिळून एक शरीर, अशी श्रद्धा आहे. करिंथ येथील मंडळीत श्रीमंत लोक आधी येऊन पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत, हे कळल्यावर संत पौलाने पत्र लिहून त्यांना कडक शब्दांत झापले. पंक्तिभेदाची तक्रार ख्रिस्ती धर्मात पहिल्या शतकाइतकी जुनी आहे.

१६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, ठाणे वसवले. कंपनीबरोबर तिचे डच रिफॉर्म्ड चर्चही आले. लवकरच गुलामही आणले गेले, आणि त्यांत आपल्या देशातील, बंगाल, कोरोमंडल व मलबार किनाऱ्यांवरील माणसेही होती. गुलामांपैकी व मूळ रहिवाशांपैकी काहींनी बाप्तिस्मा घेतला. मग प्रश्न उभा राहिला : भाकर आणि प्याला यांना एकत्र द्यावयाचा की वेगळा? १८२९ साली चर्चच्या धर्मसभेने स्वच्छ उत्तर दिले, की रंग वा कूळ न पाहता सर्वांना एकत्रच द्यावा.

तरी कुरबूर थांबली नाही. काही गोऱ्या सभासदांना त्या प्याल्याला ओठ लावणे जड जाई. १८५७ साली प्रश्न पुन्हा धर्मसभेपुढे आला. त्या वेळचा ठराव नीट पाहण्यासारखा आहे. त्याने तत्त्व सोडले नाही. नव्या ख्रिस्ती लोकांना जुन्या मंडळ्यांतच सामावून घेणे इष्ट व शास्त्राला धरून आहे, असे तो म्हणतो. मात्र पुढे जोडतो, की काही जणांच्या दुर्बलतेमुळे जेथे कार्याला अडथळा येत असेल, तेथे या लोकांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हावी.

दुर्बलता कोणाची? ज्यांच्याजवळ जमीन, सत्ता आणि बंदुका होत्या त्यांची. त्यांच्या मनाचा अशक्तपणा सांभाळायचा म्हणून उठून जावे लागले ते दुसऱ्यांना. तत्त्वाला धक्का न लावता व्यवहारापुरती दिलेली ही एक सवलत होती. १८८१ साली सवलतीची संस्था झाली : सावळ्या, मिश्र वंशाच्या म्हणवल्या जाणाऱ्या ख्रिस्ती लोकांसाठी निराळे मिशन चर्च निघाले. पुढे काळ्यांचे निराळे झाले आणि हिंदी ख्रिस्ती लोकांचेही निराळे झाले.

आता उलटी गोष्ट घडली. आचार आधी आला होता. त्याला शोभेल असे शास्त्र मागाहून शोधले गेले. बाबेलच्या बुरुजाच्या कथेत देव माणसांच्या भाषा निरनिराळ्या करून त्यांना पांगवतो. त्यावरून वंश वेगळे ठेवणे ही देवाचीच योजना, असे पंडितांनी काढले. देवाने एकापासून सर्व राष्ट्रे निर्माण केली असे सांगणारे वचन बायबलात आहे; त्यातले ‘एकापासून’ बाजूला राहिले आणि पुढचा राष्ट्रांच्या सीमांचा उल्लेख तेवढा उचलला गेला.

१९४८ साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे याच चर्चचे पूर्वीचे पाळक. १९४९ साली गोऱ्यांचे इतरांशी विवाह कायद्याने बंद झाले. १९५० साली प्रत्येक माणसाच्या वंशाची नोंद सरकारी दप्तरात करण्याचा कायदा झाला. गोरा कोण? जो दिसायला उघड गोरा आहे किंवा ज्याला लोक सामान्यतः गोरा मानतात तो, अशी व्याख्या होती. शंका आली की अधिकारी केसांत पेन्सिल खोचून पाहत. घसरून पडली तर गोरा, अडकून राहिली तर नाही. १९६६ साली दहा वर्षांच्या एका मुलीला तिची कातडी व केस पाहून शाळेतून काढले आणि मिश्र वंशाची म्हणून नोंदले. तिचे आईबाप दोघेही गोरे म्हणून नोंदलेले होते. ज्या ओठांचा विटाळ प्याल्याला होत होता, त्या ओठांबरोबर आता केस, नाक आणि रक्तही सरकारजमा झाले.

मात्र शरीर एक आहे ही श्रद्धा मेली नव्हती. १९६० साली शार्पव्हिल येथे पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसे मेल्यावर बायर्स नॉडे हे गोरे पाळक अस्वस्थ झाले. ते सत्ताधाऱ्यांच्या अगदी आतल्या वर्तुळातले होते. १९६३ साली त्यांनी पाळकपद सोडून सर्व वंशांच्या ख्रिस्ती लोकांची संस्था चालवायला घेतली. १९७७ पासून सात वर्षे सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. एका वेळी एकाहून अधिक माणसांना भेटण्याचीही त्यांना मुभा नव्हती.

१९८२ साली कॅनडातील ओटावा येथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चांची परिषद भरली. आरंभी प्रभुभोजन होते. दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी ते घेण्यास नकार दिला. मायदेशी जे आम्हाला आपल्या पंगतीला बसू देत नाहीत, त्यांच्याबरोबर येथे परदेशात कशी भाकर मोडावी, असा त्यांचा सवाल होता. परिषदेने वर्णभेदाचे धार्मिक समर्थन पाखंड ठरवले आणि दोन गोऱ्या चर्चांचे सभासदत्व स्थगित केले. त्याच वर्षी १८८१ च्या त्या मिशन चर्चने बेल्हार येथे ऐक्याचा विश्वासांगीकार लिहिला. १९८६ साली तो मंजूर झाला. १९९४ साली मिश्र वंशीयांचे व काळ्यांचे अशी दोन चर्चे एक झाली. जुने गोरे चर्च मात्र आजही त्यांच्यात विलीन झालेले नाही. पंगत मोडायला एक ठराव पुरला. ती पुन्हा मांडायला पिढ्या लागत आहेत.

हे सर्व परक्यांचे दोष म्हणून ऐकू नये. गोव्यात धर्म बदलला तरी बामण, चारडो, सुदिर हे भेद राहिले आणि चर्चमधील कॉन्फ्रारियांचे सभासदत्वही कित्येक ठिकाणी जातीवरून ठरे. पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. वारीत एकमेकांच्या पाया पडणारे लोक दाराशी आले की अडत होते.

आपली घराणी महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. देऊळ, मंडळ, गणेशोत्सव यांच्या आधाराने आपण टिकलो. या संस्थांत कधी कोणी म्हणते : तत्त्व मान्य आहे हो, पण काही जणांना चालणार नाही, तेवढ्यापुरते वेगळे ठेवू. हे बोलणे समजूतदारपणाचे वाटते. १८५७ सालीही ते तसेच वाटले होते. तेव्हा असे वाक्य कानावर आले, की दोनच प्रश्न विचारावेत : दुर्बलता कोणाची आहे, आणि पानावरून उठायला कोणाला सांगितले जात आहे?